आडवे अकरा

नाना, तुमच्याबद्दल चांगलं लिहिणारी माणसं कमी पडलेली नाहीत. तुमचा मुलगा शेखर पुस्तिका काढतोय. आयुष्यभर दिवाळीला तुम्ही जी कोड्यांची शुभेच्छापत्रं नातेवाइकांना पाठवलीत, ती सगळी त्यात छापायची आणि पुढं घरच्यांच्या, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी. आलेले लेख त्यानं मला वाचायला पाठवले. कुणी लिहिलंय, सरांनी आम्हाला शब्दांची गोडी लावली. कुणी लिहिलंय, आता वर देवाला कोडी घालत बसले असतील. मला शेखर फोनवर म्हणाला, "ताई, तू दोन पानं दे. नानांची कोडी तुझ्याएवढी कुणी सोडवली नाहीत."

खरं आहे ते. म्हणूनच लिहितेय. पण मला तुमच्याबद्दल लिहिता येणार नाही, तुमच्याशीच बोलता येईल, आणि तेही गोड नाही. या विषयावर मी जिवंतपणी तुमच्याशी दोनदा बोलायला गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही मधूनच उठून गेलात. आता तुम्हाला उठून जाता येणार नाही.

तुम्ही गेल्याचं मला लोहाऱ्याकडे, मी शिकवते त्या शाळेत, कळलं. जीपनं हायवेपर्यंत आले आणि तिथून एसटी धरली. तुळजापुरात पौर्णिमेची गर्दी अजून ओसरली नव्हती. रस्त्याच्या कडेनं माणसं चालत परत निघाली होती. तुम्हाला घेऊन निघालेली गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशीच अडकली. शेखर काच खाली करून लोकांना हात जोडत होता आणि लोक, गाडीत काय आहे ते कळलं की, बाजूला होऊन तुम्हालाच हात जोडत होते. आम्ही बायका दारात उभ्या होतो. माझ्या शेजारी उभ्या एका बाईंनी डोळे पुसत म्हटलं, "बघा, किती पुण्यवान माणूस."  मला रडू आलं नाही. मी तुमची गाडी पुढं सरकायची वाट बघत होते.

आता जे तुमच्या बाजूचं आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की पोरगी खाल्ल्या घरचं मीठ विसरली.

माझे वडील, तुमचे धाकटे भाऊ, गेले तेव्हा मी चौथीत होते. आई आणि मी तुमच्या घरी आलो. तुम्ही आम्हाला कधी दोन घास कमी घातले नाहीत, पुढं शेखर शाळेत जायला लागला तेव्हा त्याला जे दप्तर आणलंत तेच मलाही आणलंत. त्या वर्षी सुतक म्हणून घरात दिवाळी नव्हती. ना कंदील, ना फराळ. मी खिडकीत बसून शेजारच्या पोरांचे फटाके बघत होते. तुम्ही येऊन माझ्या हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा दिलात. त्यावर स्केचपेननं काढलेली एक पणती आणि खाली सुटी सुटी अक्षरं: दा, ये, ग, री, च्या, मा. तुम्ही काही न बोलता निघून गेलात. मी ती अक्षरं फिरवत बसले आणि सुटल्यावर धावत मागच्या दारी गेले. तुम्ही तिथं एक फुलबाजी घेऊन उभे होता. ती पेटवून माझ्या हातात दिलीत, माझ्या हातावर हात ठेवलात आणि ती विझेपर्यंत काढला नाहीत. "काकूला सांगू नको, ती देवाधर्माची आहे," म्हणालात.

नाना, ही एवढी गोष्ट मला विसरता आली असती तर माझं काम किती सोपं झालं असतं.

तुमच्या कोड्यांची मला तिथून गोडी लागली, हेही खरं. हस्तिदंती कागदाची घडी, वर लाल शाईची पणती, आत आकाशकंदिलाच्या आकाराची चौकट, एका बाजूला उभे शब्द आणि दुसऱ्या बाजूला आडवे. काही घरांना तुम्ही तिरक्या रेघांची छटा द्यायचात. सगळं सुटलं की त्या छटेच्या घरांतली अक्षरं जुळवून त्या वर्षीची शुभेच्छा निघायची. उस्मानाबादला, तेव्हा आपण तसंच म्हणायचो, जाऊन तुम्ही झेरॉक्स काढून आणायचात आणि वसुबारसेला सगळ्यांच्या हातात पडतील अशा बेतानं पोस्टात टाकायचात. भाऊबीजेला सगळे आपापली भरलेली कार्डं घेऊन तुळजापूरला जमायचे. तुम्ही माडीवर खुर्चीत बसून एकेक ओळ वाचायचात आणि सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं. ज्याचं सगळं बरोबर त्याला पेन.

बहुतेक शब्द घरातल्या माणसांवर असायचे. झोपेत घोरणारी आत्या. गणिताचा पेपर आला की ज्याच्या पोटात दुखतं तो, म्हणजे शेखर. माडीवर हशा व्हायचा. ज्याच्यावर कोडं आलंय तोही हसायचा. न हसून चालायचं नाही, कारण जो हसला नाही त्याच्यावर पुढच्या वर्षी आणखी एक यायचं. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. आत्यानं एकदा तोंड फुगवलं होतं. तिचं पुढच्या दिवाळीला काय झालं ते ती अजून सांगते.

मी मात्र हसायची. मला वाटायचं, मी तुमच्या बाजूची आहे.

सोलापूरचं स्थळ तुम्हीच आणलंत. मुलगा तुमच्या ओळखीच्या हेडमास्तरांचा, घरात पुस्तकांचं कपाट, आणखी काय पाहिजे, असं तुम्ही आईला म्हणालात. त्या मुलानं माझ्यावर पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मी तुम्हालाच पत्र लिहिलं. तुमचं उत्तर आलं, थोडं निभावून घे, नव्याची सवय व्हायला वेळ लागतो. पुढच्या वेळी मी पत्र लिहिलं नाही. एक पिशवी घेतली आणि एसटीत बसले.

तुम्ही मला घरात घेतलंत. रागावला नाहीत, परत जा म्हणाला नाहीत. फक्त गल्लीत कुणी विचारलं की सांगायचात, तिला डी.एड. करायचंय म्हणून आलीय. आणि एकदा सांगून बसलात म्हणून मग खरंच माझा प्रवेश करून दिलात, संध्याकाळी मला शिकवायला बसलात. तुम्हाला तोंड दाखवायला कारण पाहिजे होतं आणि मला त्यातून नोकरी मिळाली. याचे आभार मानायचे की नाहीत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवाळीचं ते कार्ड.

वसुबारसेला तुम्ही घरातल्यांची कार्डं स्वतःच्या हातानं वाटलीत. आई आत करंज्या लाटत होती. मी पायरीवर बसून भराभर भरत गेले. 'तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते ती तिथी', तीन अक्षरं, पौर्णिमा. 'शेवटी जायचं ठिकाण', दोन अक्षरं, काशी. मग आडवे अकरा: 'सण संपला तरी जात नाही ती. सहा अक्षरे.' पहिल्या घरात पौर्णिमेचा मा आधीच येऊन बसला होता आणि पाचव्यात काशीचा शी. मी पेन्सिल दातात धरून विचार करत राहिले. आतून आई म्हणत होती की तेल तापलंय, ये जरा. आणि मग शब्द दिसला.

माहेरवाशीण.

मी तो भरला. रिकामा ठेवला असता तर माडीवर तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं असतं, एवढं एकच कसं सुटलं नाही तुला? म्हणून मी तो नीट, वळणदार अक्षरांत भरला. त्या वर्षीची शुभेच्छा होती 'घर उजळो'. त्यातल्या घराचा 'र' तुम्ही माझ्या शब्दातून घेतला होता.

भाऊबीजेला माडी भरलेली होती. तुम्ही ओळ वाचलीत आणि सगळ्यांनी नेहमीच्या सवयीनं सूर लावला. काही जण मध्येच थांबले. त्यांना म्हणता म्हणता कळलं. काहींना कळलं तरी थांबता आलं नाही. पोरांना काहीच कळत नव्हतं, ती शेवटच्या अक्षरापर्यंत ओरडली. कुणीतरी हसलं आणि मग, पुढच्या वर्षीची भीती म्हणा की काय, बाकीचेही हसले. आई दारात फराळाचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते ताट तिथंच उंबऱ्याजवळ खाली ठेवलं आणि जिना उतरून गेली. तुम्ही पुढची ओळ वाचायला घेतलीत.

पेन मलाच मिळालं. तुम्ही माझ्या पाठीवर थाप दिलीत आणि म्हणालात, "शाब्बास. सगळी घरं भरलीस."

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले.  मी विचारलं, "नाना, आडवे अकरा माझ्यावर होतं का?"

तुम्ही चष्मा पुसत होता. म्हणालात, "कोड्यात कुणावर काही नसतं. शब्द बसवायचा असतो."

"सगळे हसले."

तुम्ही कार्ड काढलंत, पेन्सिल घेतलीत आणि वर्गात समजावता तसं मला समजावू लागलात. "हे बघ. वरून पौर्णिमेचा मा आला. इकडून काशीचा शी. आता या सहा घरांत दुसरा शब्द बसतच नाही. तू बसवून दाखव."

आणि नाना, मी पेन्सिल घेतली. आज मला त्या मुलीला उठवून न्यावंसं वाटतं, पण तेव्हा मी खरंच बसून शब्द शोधत राहिले. अपमान झालेल्या माणसाला तुम्ही अभ्यासाला बसवलंत आणि तो बसला. थोड्या वेळानं तुम्ही म्हणालात, "नाही ना सुटत?" आणि टोपी घालून फिरायला गेलात.

पौर्णिमा बदलता आली असती, नाना. ती तिथं कुणी कोरून ठेवली नव्हती. एक उभा शब्द खोडून दुसरा घातला असता तर मा आलाच नसता. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. ती सुचली पुढं कधीतरी, लोहाऱ्याच्या जीपमध्ये चार माणसांच्या मध्ये दाबून बसलेली असताना, आणि मी एवढ्या जोरानं "पौर्णिमा" म्हणाले की शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. तुम्हाला पौर्णिमा माझ्यापेक्षा महत्त्वाची वाटली. बरं, तसंही नाही. तुमच्या मनात माझा प्रश्नच आला नाही. चौकट जमली म्हणून तुम्ही खूश होता.

मला लोहारा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. गावात दोन खोल्या घेतल्या आणि आईला घेऊन गेले. आई शेवटपर्यंत म्हणायची की भाऊजींनी आपल्याला सांभाळलं, त्यांना उलट बोलायचं नाही. पण त्या भाऊबीजेनंतर तिनं तुमच्या माडीवर पाय ठेवला नाही. गुडघे दुखतात म्हणायची. लोहाऱ्यात ती गच्चीवर पापड वाळत घालायला दिवसातून चारदा चढायची.

तुमची कार्डं मात्र दरवर्षी येत राहिली. पोस्टमन आणून द्यायचा, मी न उघडता चुलीत घालायची. पुढं गॅस आला तेव्हा फाडून टाकायची.

आई गेली तेव्हा तुम्ही लोहाऱ्याला आलात. एवढ्या उन्हात, एवढ्या वयात, एसटी बदलून आलात. तुम्हाला दारात बघून माझा जीव हलला, खोटं कशाला बोलू. मी पाणी दिलं, चहा केला. तुम्ही आईच्या फोटोकडे बराच वेळ बघत बसलात. मला वाटलं, आता बोलतील. काहीही बोलला असतात तरी मी ऐकलं असतं. चुकलं म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं "तुझ्या आईला त्या दिवशी वाईट वाटलं ना" एवढं पुरलं असतं.

तुम्ही म्हणालात, "तुझी उत्तरं येत नाहीत हल्ली. मग कोडं घालण्यात मजा येत नाही."

मी विचारलं, "नाना, आईनं माडीवर उंबऱ्याजवळ ताट ठेवलं होतं, ते आठवतं का तुम्हाला?"

"कुठलं ताट?"

तुम्ही खोटं बोलत नव्हता. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्हाला खरंच आठवत नव्हतं. त्या क्षणापर्यंत माझा तुमच्यावर राग होता, पण तो आपल्या माणसावरचा राग होता. तिथून पुढं तो तसा राहिला नाही. मी ताटाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि तुम्ही घड्याळ बघून उठलात, गाडी चुकेल म्हणालात. मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आले नाही.

नंतर तुम्ही मोबाईल शिकलात आणि कार्ड घरच्या ग्रुपवर यायला लागलं, रंगीत, चमचमणाऱ्या पणत्यांसकट. खाली सगळ्यांचे अंगठे, हात जोडलेले. हे शेखरनं सांगितलेलं, मी तो ग्रुप कधी उघडत नव्हते. धाराशिवला मीटिंगला आले की लोक विचारायचे, तुम्ही कोडी घालणाऱ्या सरांच्या पुतणी ना? मी हो म्हणायची. किती भाग्यवान, म्हणायचे. मी त्यालाही हो म्हणायची.

तेराव्याचं जेवण झालं आणि नातेवाईक तुमच्या टेबलाभोवती जमले. दिवाळी तोंडावर होती, तेव्हा यंदाचं कार्ड कुठंतरी अर्धवट का होईना असणार, असं सगळ्यांना वाटत होतं. शेवटचं कोडं. कुणी खण उघडत होतं, कुणी पुस्तकं झटकत होतं. काही सापडलं नाही. तुम्ही अजून सुरुवातच केली नव्हती. आत्याला फार वाईट वाटलं. मला बरं वाटलं. तुम्ही जाताना काहीतरी मागं ठेवून गेलात, त्यात आम्हा सगळ्यांसाठी काही निरोप होता, असलं काही मला या जन्मी ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेखरनं सगळी जुनी कार्डं पलंगावर मांडली आणि मला हाक मारली. तो पुण्याला बँकेत असतो, त्याचंही अर्धं डोकं पांढरं झालंय. पलंगभर तुमचं अक्षर पसरलं होतं. तुमचा तो ळ, खालची गाठ जरा जास्तच गोल काढलेला. तुम्ही माझ्याकडून पाटीवर तो गिरवून घेतला होता आणि मी आजही तसाच काढते. तुम्ही गेल्यावर मला रडू आलं ते तिथं, तुमच्या ळ वर. आणि रडू आलं म्हणून मला आणखी चीड आली.

शेखरनं एक कार्ड उचललं. "ताई, या वर्षी तू पहिली आली होतीस ना? तुला पेन मिळालं होतं, मला आठवतंय. मी रडलो होतो पेनासाठी."

मी म्हटलं, "आडवे अकरा वाच."

त्यानं वाचलं. ओठ हलवत घरं मोजली. मग त्याचे ओठ थांबले.  माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी लहान होतो, ताई. मी पण ओरडलो असेन."

"सगळी पोरं ओरडली."

"हे एक वगळूया का?"

"वगळू नको," मी म्हटलं. "छाप. शब्द भरून छाप, आणि समोरच्या पानावर माझं लिहिलेलं."

तो म्हणाला, बाकीच्यांना विचारतो. मला माहीत होतं बाकीचे काय म्हणणार ते.

मी पिशवी भरायला आत गेले. काकू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. नाना, फुलबाजीचा तो प्रसंग सोडला तर या सगळ्यात मी काकूंचं नाव कुठं घेतलं नाही बघा. तुमच्या घरात ते असंच असायचं. काकू ईट गावच्या, शेतकऱ्याघरच्या, चौथी शिकलेल्या. तुम्ही मराठीचे मास्तर. त्या 'न्हाय' म्हणाल्या की तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात, 'नाही' म्हण. मग त्या बोलायच्याच कमी झाल्या. त्यांच्या वडिलांनी एकदा जेवताना तुम्हाला अरेतुरे केलं, तर तुम्ही ईटला जाणं-येणंच तोडलंत. शेखरला आजोळ असतं कसलं ते माहीत नाही. तुम्ही गेल्यापासून काकू फारशा रडल्या नव्हत्या. लोक म्हणत होते, धक्का बसलाय.

मला बघून त्या म्हणाल्या, "पलंगावरची पत्रं बघितलीस व्हय?"

मी हो म्हटलं.

"म्या बी बघायची. दर दिवाळीला, दुपारी समदी निजली की काढून बघायची. एकेक ओळ लावून वाचायला लई येळ लागायचा मला." त्या बोलताना पदराच्या टोकाला पीळ देत होत्या. "शेखरचं यायचं, तुझ्या आईचं यायचं, तुझं यायचं. गल्लीतल्या कुत्र्याचं बी एकदा आलं. माझं काय आलंय का, म्हणून बघायची. माझं कधी न्हाय आलं."

 मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं वाईट लिवलं त्यांनी. म्या वळखलं हुतं तवाच. वाईट लिवलं, पर लिवलं तरी."

पहिल्यांदा मला काकूंचाच राग आला. माझ्या जखमेचा कुणाला हेवा वाटू शकतो, हे कानांना सहन होईना. मी उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. आणि तिथं उभी असताना, नाना, मी सगळी कार्डं मनात एकेक करून आठवली. जेवढी सोडवली होती तेवढी सगळी. आमच्या सगळ्यांच्या खोडी, आजार, भित्रेपणा, घोरणं, सगळं त्यात होतं. ज्या बाईनं तुमचं धोतर धुतलं, तुमच्या कार्डांच्या पाकिटांना खळ लावून दिली, भाऊबीजेला चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक केला, तिच्यावर एक ओळ नव्हती. चेष्टेचीसुद्धा नाही. मी एवढी वर्षं स्वतःला तुमची सगळ्यांत दुखावलेली समजत होते. ते मानाचं पानही तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत.

मी आत येऊन काकूंना विचारलं, इथं एकट्या राहणार का शेखरबरोबर पुण्याला जाणार? त्या म्हणाल्या, "तुझ्याकडं न्हेतीस का थोडे दिवस?"

शेखरला आवडलं नाही. लोक काय म्हणतील, तेरावा होऊन चार दिवस झाले नाहीत, म्हणाला. काकूंनी त्याचं ऐकून घेतलं आणि दोन लुगडी पिशवीत भरली. जीपमध्ये त्या खिडकीशी बसल्या. हायवे सोडून आत वळल्यावर दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून पडलेली रानं लागली. त्या एका रानाकडे बोट करून म्हणाल्या, तूर बरी आलीय. मग लोहारा येईपर्यंत बोलत राहिल्या, आंतरपीक कुठलं, काळी माती कुठवर, त्यांच्या लहानपणी ईटला ज्वारी कशी डोक्याच्या वर जायची. त्यांना इतकं सलग बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. एकदाही कुणी त्यांचा शब्द दुरुस्त केला नाही.

आज पाडवा. आमच्याकडे सण नाही. काकूंनी सकाळी डाळ-भात केला, मी शाळेचे पेपर तपासत बसले आणि मधूनमधून हे लिहीत होते. दुपारी त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचलं, त्यांच्याबद्दलचं सुद्धा. मध्ये त्यांनी एकदाच थांबवलं. खळ नाही, गव्हाच्या पिठाची चिकी, म्हणाल्या. मग म्हणाल्या, पुढं वाच.

संध्याकाळी लिहिलेलं शेखरला पाठवलं. थोड्याच वेळात त्याचा फोन आला. आत्या आणि बाकीचे नको म्हणतायत, म्हणाला. ते कार्ड वगळायचं ठरलंय. माझा लेख घेऊ, पण जरा मवाळ कर, शेवट तरी श्रद्धांजलीचा कर. गेलेल्या माणसाबद्दल असं छापलं तर बरं दिसत नाही. मी म्हटलं, मवाळ होणार नाही, नको असेल तर परत पाठव.  तो समजुतीच्या सुरात काहीतरी सांगायला लागला.

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना तो नीट धरताही येत नव्हता, तोंडासमोर आडवा धरून त्या म्हणाल्या, "शेखर, हाय तसं छाप. आन् त्यात माझा एक फोटू टाक. त्यांच्यासंगं न्हाय. एकलीचा."

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तो बहुधा म्हणाला असेल, टाकतो आई, खाली सुलोचना लिहू ना? लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात बोटानं काढलेलं नाव.

"न्हाय," काकू म्हणाल्या. "खाली हौसा लिव."

 मग, नाना, तुमच्या मुलाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यानं विचारलं, "हौसा कोण?"

"तुझी आई," काकू म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.